एन्नो ब्रुन्सची रजा

जर्मनीतल्या एम्डेनच्या गोदीचे दरवाजे उघडण्या-मिटण्यात तीस वर्षं घालवून फोल्कर्ट उबेन निवृत्त झाला, आणि लोकांच्या बिस्किटांच्या डब्यांमागे लागला. नौदलातल्या माणसांची युद्धातली कागदपत्रं घरोघरी अशाच डब्यांत असतात. बाकीचे हौशी लोक कप्तानांचे कागद जमवत. फोल्कर्टला साधा खलाशी लागे: पगाराचं पुस्तक, लस टोचल्याचं कार्ड, बुटांची पावती. त्याचा बाप समुद्रात गेला तो एक चिठोरंही मागे न ठेवता. ‘दुसऱ्यांच्या बापांवर भूक भागवतो झालं,’ असं त्याची बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं.

गेल्या वर्षी जुना खलाशी एन्नो ब्रुन्स वारला. त्याची बायको त्येदे हिच्याकडे त्याच्या कागदांचा सगळा संच शाबूत आहे हे कळल्यावर फोल्कर्टला झोप लागेना.

“डबा देते,” त्येदेबाई म्हणाली, “पण एकेक कागद मला मोठ्यानं वाचून दाखवायचा.”

फोल्कर्ट चहाचे पेले रिचवत वाचत गेला. एन्नोला पोहता येत नव्हतं, असं दोन परीक्षकांनी लिहून दिलं होतं. अधिकाऱ्यांचा मुरंबा खाल्ल्याबद्दल तीन दिवस कोठडी झाली होती.

“आणि मला म्हणाला, हिवताप झाला होता!” बाई खूश झाली.

मग तिने तळाची घडी उचलली, पण हातातून सोडली नाही.

“हा रजेचा पास. त्रेचाळीसचा डिसेंबर. रजा मिळाली नाही म्हणून मला पत्र पाठवलं होतं त्यानं. शेहेचाळीस साली कोटाला ठिगळ लावताना हा सापडला. वरची तारीख दिसली, पुढे उघडायची छाती झाली नाही रे. कुठं गेला होता, ते वाच. खोटं वाचलंस तर डबा शेगडीत घालीन.”

फोल्कर्टने घडी उघडली. मुक्काम लेअर, इथून अर्ध्या तासावर. कोणाकडे? ‘श्रीमती हिन्रिके.’ आडनावावर शिक्का बसला होता. संच पुरा व्हायला एवढा एकच कागद हवा होता, आणि तो वाचला तर म्हातारीचा संसार मोडणार होता, तोही नवरा मेल्यावर.

“शाई पार उडालीय हो, बाई.”

“फोल्कर्ट!”

“लेअर, दहा दिवस,” तो पुटपुटला. “श्रीमती... हिन्रिके.”

त्येदेबाईचं तोंड उघडंच राहिलं.

“सासू! अरे, ती माझी सासू! आमचं लग्न झाल्याचं त्या बाईला दोन वर्षं सांगितलंच नव्हतं त्यानं. घाबरायचा तिला! दहा दिवस आईच्या हातचं खात बसला, आणि मी इथं...”

ती हसत सुटली. हसता हसता डोळ्यांना टेबलावरचा रुमाल लावला.

“दर नाताळला माझं डोकं दुखायचं. चाळीस वर्षं. नाताळच्या जेवणाचा हंस तोच भाजायचा, करपवायचा, आणि माझ्या उशाशी ताट आणून ठेवायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काय झालं, असं एकदाही विचारलं नाही बिचाऱ्यानं.”

फोल्कर्टने हळूच पासाकडे हात नेला. बाईने हातावर चापट मारली.

“डबा ने. हा मिळायचा नाही.”

“पण संच, बाई...”

“संच गेला खड्ड्यात. गाडी काढ, मला एन्नोच्या कबरीवर सोड. आधी त्याच्याशी भांडणार आहे, मग माफी मागणार आहे. तू लांब उभा राहा.”