पुढची वीस वर्षं

पक्षाच्या प्रचारात घसा फोडून फोडून त्यांचं नावच भोंगाकाका पडलं होतं. निकालात पक्ष साफ आडवा झाला, कार्यालयात सुतकी कळा पसरली, तेव्हा हसले ते एकटेच.

“रडता काय मेल्यांनो? आपण बांधलेल्या पुलाला तडे गेलेत ना? आता तो त्यांच्या राज्यात पडेल, खापर त्यांच्या माथी फुटेल. मग पुढची वीस वर्षं आपलीच!”

टाळ्या पडल्या. काका छाती फुगवून घरी आले.

“लेक कुठाय?”

“कामावर निघाली,” बायको म्हणाली. “रोजचीच बस, पुलावरची.”

काका गल्लीच्या तोंडाशी धावले. बस पुलाकडे वळत होती. थांबवायला त्यांनी तोंड उघडलं, पण गावभर ऐकू जाणाऱ्या त्या घशातून आवाजच फुटेना.