बोरसे सर आणि इंग्रजी कवितेचं वर्ष

धुळ्याच्या एसटी स्टँडवर पाय ठेवल्या ठेवल्या बोरसे सर लांबूनच सांगायचे, “अक्का, औंदा ऑस्ट्रेलियात पीक बरं आहे. इंग्लंडात मात्र सगळी कीड.” मी त्यांना घ्यायला गेलेली असायचे आणि आजूबाजूचे लोक कान टवकारायचे. एकदा शिरपूरकडच्या एका शेतकऱ्यानं पुढे होऊन विचारलंच, तिकडची सरकी आपल्याकडे मिळते का म्हणून. सरांनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून आतलं एक पातळ, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्याच अहिराणीत बोलत त्याच्या हातात दिलं. “भाऊ, पीक हे शे. कवितानं.” त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं. “बठ्ठं एवढंच?” सगळं एवढंच का म्हणून. “चांगल्या सालात एवढंच,” सर म्हणाले. तो माणूस बिचारा मान हलवून गाडीकडे गेला.

सर जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मूळचे पारोळ्याकडचे. वर्गात इंग्रजी, आमच्याशी साधी मराठी आणि घरात पायरी चढली की अहिराणी. आमचा धुळ्यात छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावतीपुस्तकं यांवर पोट चालायचं. वर्षातून एकदा दिवाळी अंक काढायची हौस तेवढी माझी. यजमान तिला ‘अक्काचा आजार’ म्हणायचे. एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा सर पहिल्यांदा लेख घेऊन आले. मथळा होता ‘इंग्रजी कवितेचं वर्ष’. इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि सगळ्यात शेवटी आपल्याकडे इंग्रजीत लिहिणारे, असा सगळ्या मुलखाचा वर्षभराचा आढावा. कुणाचं काय छापलं, कोण नवा आला, कोण उगाच छापला गेला. मी वाचून म्हटलं, “सर, छान आहे, पण खान्देशात हे वाचणार कोण?” सर म्हणाले, “कोणी नाही. पण एवढी माणसं तिकडे मान मोडून लिहितात, त्यांची कुणीतरी हजेरी घ्यायला नको?”

तेव्हापासून दर वर्षी ही हजेरी आमच्या अंकात लागू लागली. सर परदेशातल्या लहान लहान प्रकाशकांना पत्रं लिहायचे आणि ते पुस्तकं पाठवायचे. जहाजानं यायची. मुंबईला उतरून जळगावच्या टपालात पडेपर्यंत तिकडचं साल उलटून गेलेलं असायचं. “वर्ष आपल्याकडे सावकाश येतं, पण येतं,” असं सर म्हणायचे. अंक निघाला की त्याची एकेक प्रत ते उलट टपाली पाठवायचे, त्या कवीच्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढून. तिकडच्या लोकांना मराठीचं एक अक्षर कळायचं नाही. कॅनडाच्या एका प्रकाशकानं विचारलं होतं, की रेघेच्या खाली लिहिलंय ती स्तुती आहे का निंदा? सरांनी कळवलं, निंदा. पुढच्या वर्षी त्या गृहस्थानं दोन पुस्तकं पाठवली.

निकाल द्यायला सर कधी कचरायचे नाहीत. “ह्या बुवाला दुःख नाही, दुःखाची सवय आहे,” असं एकाबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्या एकीबद्दल, “बाईंनी अख्ख्या पुस्तकात एकच ओळ लिहिली आहे, पण ती लिहिली आहे.” आमचे चंपालालशेठ, जिनिंगवाले, यांची जाहिरात कायम सरांच्या लेखासमोरच्या पानावर असायची. शेठ इंग्रजी शिकलेले नव्हते, पण लेख अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि बाजारात भेटले की म्हणायचे, “आयर्लंड यंदा तेजीत दिसतंय.”

एका उन्हाळ्यात मी जळगावला त्यांच्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा हा लेख कसा तयार होतो ते मला कळलं. आलेली पार्सलं सर फोडायचेच नाहीत. समोरच्या खोलीत बाजेखाली रचून ठेवायचे. सगळं साल जमलं, की सुट्टीतल्या दुपारी जेवणं उरकून सर आणि कमलताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, जमिनीवर बसायचे. सुतळीची गाठ कमलताई सोडायच्या. कात्री लावायची नाही, हा त्या घरचा नेम. सुतळी पुन्हा कामाला येते. मग सर एकेक कविता मनात वाचायचे आणि ती अहिराणीत सांगायचे, आपल्याकडे गोष्ट सांगतात तशी. आणि गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा लागतो. तो थांबला की सांगणारा थांबतो. कमलताई वाती वळत बसलेल्या असायच्या आणि प्रत्येक ओळीमागून सावकाश म्हणायच्या, “हूं.”

मी ऐकत होते. सर सांगत होते, एक बाई आहे, बर्फ पडतंय, ती दार लावून घेते. कमलताईंनी विचारलं, “मंग? दार काबरं लाई लिधं तिनी?” का लावलं म्हणून. सर म्हणाले, “ते त्यानं लिहेल नही.” “मंग त्याले माहीत नसंल,” कमलताई म्हणाल्या आणि दुसरी वात घेतली. त्यांची मतं सर लेखात मुळीच घ्यायचे नाहीत. कमलताईंना कोंबडीवरची एक कविता फार आवडली होती. सरांनी ती लेखात पार धुऊन काढली आणि दोन दिवस त्यांना भाजी अळणी मिळाली. मी सरांना चिडवलं, “मग कशाला ऐकवता त्यांना?” सर म्हणाले, “अक्का, मी एकट्यानं वाचली तर ती नुसती अक्षरं असतात. हिनं हूं म्हटलं, की मला ऐकू येते.”

कमलताई गेल्या त्या वर्षी श्रावण संपत आला होता. काविळीचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तर सर व्हरांड्यात बसून पेपर तपासत होते. मला म्हणाले, “बसा. गाडीला गर्दी होती का?” पावसाबद्दल बोलले, एरंडोलजवळचा रस्ता खचलाय त्याबद्दल बोलले. मुंबईहून मुलगा-सून आली होती, ती रडत होती. सर मात्र चहा गाळणीनं गाळायचा राहिलाय एवढंच म्हणाले. खरं सांगते, मलाही रडू आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं. बाजेखाली त्या सालची पार्सलं तशीच होती, सुतळ्या आवळलेल्या; जहाज उशिरा लागल्यानं ती उन्हाळ्यात सोडायची राहिली होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. मी म्हटलं, “सर, लेखाचं पुढच्या वर्षी बघू.” “नाही. लेख येईल. पानं धरून ठेवा.”

मी पानं धरून ठेवली. नवरात्र गेलं, दसरा गेला. बाकीचा अंक छापून झाला. यजमान म्हणाले, “अक्का, विनोदी चुटके टाक आणि मोकळी हो.” मी हट्टाला पेटले होते. सर पुन्हा लिहितात की नाही, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवाळीत हवी होती. शेवटी सर आले. स्टँडवर उतरले, पण लांबून काही ओरडले नाहीत. छापखान्यात येऊन घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘या वर्षी इंग्रजीत पुष्कळ कविता छापली गेली असेल. मी ती वाचलेली नाही.’ खाली सही.

मी तेवढंच छापलं, मोठा मथळा देऊन, नेहमीच्या जागी. उरलेल्या पानांत एक कथा घातली. चंपालालशेठ अंक हातात घेऊन आले, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मला वाटलं, जाहिरात फुकट गेली म्हणतील. ते म्हणाले, “आमची गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी गादीवर येऊन बसलो. लोक म्हणाले, शेठ घट्ट आहेत. मला रुई चांगली का वाईट ते हातात घेऊन ओळखता येईना, अक्का. हाताला काही लागतच नव्हतं.” मग जाहिरात पुढच्या वर्षीही त्याच पानावर ठेवा, असं सांगून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात सर एकदा दुपारी न कळवता आले. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होतं. पिशवीतून त्यांनी एक पार्सल काढलं. सुतळी सोडलेली होती. “गाठ सुटली,” म्हणाले. त्यांच्या अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं होतं. पुस्तक उघडून त्यांनी एक कविता मनात वाचली आणि सांगू लागले, अहिराणीत. एक म्हातारा आहे. ऑस्ट्रेलियातला. मेंढ्या बठ्ठ्या विकी टाक्यात. तरी दिवस बुडताना तो फाटक उघडतो. उघडतो आणि बाजूला उभा राहतो, वाट देऊन.

एवढं बोलून सर थांबले. मला कळलं ते कशासाठी थांबले. मी म्हटलं, “हूं.”

त्यांनी वर पाहिलं. रागावले नाहीत. “तुम्ही लवकर म्हणता, अक्का. ती जरा थांबायची. हातातली वात पुरी करायची.”

मी म्हटलं, “पुन्हा सांगा.” त्यांनी पुन्हा सांगितलं. मी थांबले, पण किती थांबायचं ते मला माहीत नव्हतं, आणि हूं म्हणायची वेळ टळून गेली. सरांनी मला विचारलं, “कविता चांगली आहे का हो ही?” ज्या माणसानं साऱ्या इंग्रजी मुलखाला धाक दाखवला, तो मला विचारत होता. मी म्हटलं, “मला काय कळतंय, सर. तुम्ही सांगायचं.” ते म्हणाले, “मला कळत नाहीये. चांगली असेल. काही लागतच नाही.” आणि पुस्तक मिटून ते कागदात गुंडाळायला लागले. सुतळीची गाठ त्यांनी घातली ती अगदीच ढिली होती. पार्सल माझ्या टेबलावर ठेवून ते दुपारच्या गाडीनं गेले.

त्यानंतर लेख आला नाही. मीही मागितला नाही. सर निवृत्त झाले, मुलाकडे मुंबईला गेले आणि तिथेच वारले. पत्र आलं तेव्हा आम्ही लग्नसराईच्या पत्रिका छापत होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच छापत राहिलो.

ते पार्सल माझ्या कपाटात आहे. माझं इंग्रजी बेताचं, पण म्हाताऱ्याची ती कविता मी शब्दकोश घेऊन लावली आहे. कधी दुपारी छापखाना शांत असला की काढते. तो फाटक उघडतो तिथे थांबते. समईसाठी वाती वळायला घेतलेल्या असतात, हातातली पुरी करते आणि मग म्हणते, “हूं.”