गेटसमोरचा चर

मुलांनो, तुमची आई पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे इंद्रलोक वसाहतीत आली, तेव्हा आमच्या गेटसमोर पाइपलाइनसाठी खोल चर खणलेला होता. पाणीयोजनेचे निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे राज्याचे. केंद्राचा हप्ता मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जायचा, म्हणून घाईने खणून घेतले. पाइप राज्याच्या पैशातून यायचे होते. त्या पैशांची मंजुरी अडली आणि एप्रिलमध्ये मजूर निघून गेले. रिक्षा गेटपर्यंत येईना.

“मंजुरी आली की लगेच पाइप टाकतो, बाई,” मुकादम म्हणाला.

“मंजुरी आने तक बच्चा रुकेगा क्या?” शेजारच्या गुजराती बेनने त्याला सुनावले. मला हसू आले नाही. मी सारखी गॅलरीतून चर बघून येई, जणू तो आपोआप बुजणार होता.

कळा सुरू झाल्या तेव्हा सोसायटीतल्या माणसांनी गणपतीच्या मांडवाच्या फळ्या चरावर टाकल्या. त्या पावलागणिक वाकत होत्या. तुमची आई माझा दंड घट्ट धरून पलीकडे गेली.

तुमच्यातली थोरली त्याच फळ्यांवरून घरी आली. मंजुरी आलीच नव्हती. गणपतीला त्या वर्षी दुसऱ्या फळ्या आणाव्या लागल्या.