बगळ्याची बाही

भनपुरीच्या अनुश्री रामटेकेने बाविसाव्या वर्षी पहिला ॲनिमेशनपट केला. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव आलं ते स्टुडिओच्या देवईकर सरांचं. "पुढच्या वेळी तुझं टाकू," म्हणत त्यांनी सवयीने सदऱ्याची डावी बाही ओढली होती.

अकरा वर्षांनी तिच्या स्वतःच्या चित्रपटाला देशभर बक्षिसं मिळाली. रायपूरच्या सत्काराला तिने सरांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

"त्याले काहून बोलावलं?" आई शेवंता पुटपुटली.

"गुरू आहेत ना माहे, माय."

चित्रपटातला बगळा दुसऱ्यांचे मासे पळवायचा आणि दरवेळी कोटाची डावी बाही ओढायचा. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. बाही ओढण्याची चारशे चित्रं अनुश्रीने एकाही सहायकाला काढू दिली नव्हती.

सत्कारानंतर चित्रपट दाखवला, तेव्हा बगळ्यावर सभागृह हसत होतं. स्टुडिओतली जुनी मंडळी वळून पहिल्या रांगेकडे पाहू लागली. देवईकर संतापून उठले आणि उठता उठता त्यांनी डावी बाही ओढली.

"बगुला! बगुला!" पोरं ओरडली.

मान खाली घालून दाराकडे निघालेल्या सरांकडे अनुश्री एकटक पाहत होती. बगळ्याची मान आपण जरा जास्तच ताठ काढली, एवढीच चूक तिला सापडली.