रखमाजींनी परत केलेले रिकामे रीळ

दि. २ मार्च २००१ रोजी वारंगा फाट्यावरील जुन्या सामानाच्या एका दुकानदाराने पुसेगावचे मेंढपाळ रखमाजी यांना रिळांचा जुना टेपरेकॉर्डर विकला आणि फीत गुंडाळण्याचे रिकामे रीळ स्वतःकडे ठेवले. ही तक्रार येथे नोंदवीत आहे, कारण अन्यत्र ती ऐकून लोक हसतात.

रखमाजींचे वडील लखमा यांना दुष्काळातही न आटणारे सारे पाणवठे तोंडपाठ होते. १९७८ साली एका पाहुण्या शिक्षकाने ते त्यांच्याच आवाजात फितीवर उतरवले आणि फीत घरी दिली. पुढे लखमा वारले. यंदा नेहमीचे पाणवठे माघातच आटले, तेव्हा रखमाजींनी दोन मेंढे विकले व मला, गावच्या शाळेतील मास्तराला, म्हणाले, "गुर्जी, बापाला बोलतं करायचं. चला."

दुकानात त्यांनी मेंढीचे दात पाहावेत तसे यंत्राचे झाकण उघडून पाहिले. सेल घालून ते चालवून घेतले.

"बराबर चालतंय. लंगडत न्हाई."

"मामा, चारा बी खात न्हाई," दुकानदार म्हणाला.

"म्हणून तर घेऊन राहिलो."

मी एस.टी.ची चौकशी करण्यास बाहेर गेलो. हा माझा दोष. जनावर विकले तरी दावे विकणाऱ्याचेच, हा आमच्याकडील रिवाज. रखमाजींनी रिकामे रीळ काढून प्रामाणिकपणे परत केले: "दावं तुमचं तुमी ठेवा." "व्हय मामा, दावं आमचंच," म्हणत त्याने ते खणात टाकले. त्यावाचून यंत्र निरुपयोगी, हे त्या गृहस्थास ठाऊक होते. रीळ मागेच राहिल्याचे मला परतीच्या एस.टी.त कळले.

तरी धीर निघेना, म्हणून घरी फीत लावली. "जांभळीच्या ओघळीत, काळ्या दगडाखाली..." तेवीस वर्षांनी लखमांचा आवाज आला. गुंडाळायला रीळ नसल्याने फीत बाहेर सांडू लागली. सून राजनंदिनी ती सुपात झेलत होती. दुसऱ्या पाणवठ्याचे नाव येण्यापूर्वीच फीत चाकात गुंतली. रखमाजींनी यंत्र बंद केले.

"बस. तुटली तर बाप दुसऱ्यांदा गेला. रिळाबगर आता हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तुमीच सोडून गेले. भंगारात गेलं." मी संतापलो. रखमाजींनी शांतपणे विचारले, "भंगार कोणत्या गावाला गेलं?" तेव्हापासून ते गावोगावची भंगाराची दुकाने पालथी घालत आहेत.

अक्षय तृतीयेनंतर कळप निघेलच. पहिला पाणवठा ठाऊक आहे, पुढचे नाहीत. वाचकहो, तुमच्या माळ्यावर असे यंत्र धूळ खात असेल, तर त्याचे पाच इंची रिकामे रीळ काढा आणि कळप निघण्यापूर्वी पुसेगावी रखमाजींकडे पाठवा.