सगुणाबाईच्या नावाचं ताट

बुवापाड्याच्या चाळीत अंजनीच्या चुलीवर दोन म्हातारी माणसं जेवत होती, पण चाळीला माहीत होतं एकच. ती तिची सासू, बनूबाई. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, सगळं अंथरुणात करावं लागे, पण तोंड अगदी शाबूत. दुसरा म्हातारा म्हणजे अंजनीचा बाप, धाकलू. तो शेजारच्या सगुणाबाईच्या ओट्यावर राहायचा आणि तिच्याच खानावळीत जेवायचा, असं चाळ समजत होती. धाकलूही तसंच समजत होता.

धाकलू बदलापूर गावातला. नदीकाठाला भाताची दोन खाचरं आणि एक घर, एवढाच त्याचा संसार. बायको पुतळाबाई गेली, पाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा नव्हता. एकुलती एक लेक अंबरनाथला दिलेली, जावई हरिचंद्र फॅक्टरीत कामाला. खाचरं चुलतभावाने कसायला घेतली आणि म्हातारा घरात एकटाच हाताने करून खाऊ लागला. एक दिवस चूल पेटवताना त्याच्या धोतराने पेट घेतला. शेजाऱ्यांनी विझवलं म्हणून निभावलं. हरिचंद्रच्या कानावर आलं तसा तो सुट्टीच्या दिवशी गेला आणि सासऱ्याला हाताला धरून घेऊन आला. असा जावई मिळायलाही नशीब लागतं.

म्हातारा आला खरा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना.

"नातवाचा तोंड बघल्याबिगर लेकीच्या घरचा पानी प्यायचा नाय," तो म्हणाला. "माझ्या बापान पाळला, मी पन पाळनार."

आता या रीतीला काय म्हणावं? लेक द्यायची ती कायमची, तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, निदान तिला मूल होईपर्यंत तरी नाही. ज्यांना चार मुलगे आहेत त्यांना ही रीत पाळायला काय जातं? ज्याला जगात एक लेकच आहे त्याने काय करायचं, हे ही रीत घालून देणाऱ्यांनी सांगून ठेवलं नाही. आणि अंजनीची कूस इतक्या वर्षांत उजवली नव्हती. म्हणजे बापाच्या बोलण्यात तिलाही एक टोचणी होती. त्याच्या मनात ती नव्हती, पण तिला टोचलीच.

दोन दिवस म्हातारा बाहेर ओट्यावर उपाशी बसून राहिला. विहिरीवर जाऊन कुणाकडून तरी ओंजळीत पाणी घ्यायचा, तेवढंच. तिसऱ्या दिवशी काठी टेकत बदलापूरच्या वाटेला लागला. अंजनी मागे धावली, रडली, पाया पडली. तेव्हा सगुणाबाई मध्ये पडली. ही साताऱ्याकडची विधवा बाई फॅक्टरीतल्या, घर सोडून एकट्या राहणाऱ्या सड्या माणसांसाठी खानावळ चालवायची. आवाज असा, की हाक मारली तर चार खोल्यांतली माणसं ओ द्यायची.

"बाबा, माझ्याकडं जेवा की," ती म्हणाली. "मी काय तुमची लेक न्हवं."

"फुकट नाय जेवनार."

"फुकट कोन घालतंय? दोऱ्या वळता येत्यात न्हवं? मग वळा."

धाकलूला डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटांना दिसत होतं. अंबाडीचा वाख आणून दिला की तो मांडीवर दोर वळत बसायचा. कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासितांच्या बराकी भरल्या होत्या, त्यांना खाटा विणायला दोर हवा असे. एक सिंधी फेरीवाला येऊन सगळा माल उचलायचा आणि "बाबा का रस्सी पक्का है" म्हणून जायचा. म्हातारा खूश व्हायचा. आपण कमावून खातो, कुणाच्या उपकारात नाही, एवढं समाधान त्याला पुरे होतं.

पण सगुणाबाईचं जेवण म्हणजे जाळ. तिखटाशिवाय तिला स्वयंपाक येतच नव्हता. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते, आणि भाकरी तर त्याला गिळवत नव्हती. आठवड्याभरात तो हगवणीने आडवा झाला. तेव्हा अंजनी आणि सगुणाबाईने मागच्या दाराशी उभं राहून काय ठरवायचं ते ठरवलं. ताट अंजनीने वाढायचं, मागच्या दाराने सगुणाबाईकडे द्यायचं आणि सगुणाबाईने ते पुढच्या दाराने ओट्यावर न्यायचं. पाण्याचा माठसुद्धा सगुणाबाईच्या नावाने ओट्यावर ठेवला. तो विहिरीवरून भरत मात्र अंजनीच होती, सगुणाबाईचीच घागर वापरून.

तेव्हापासून एकाच भांड्यातला भात दोन म्हाताऱ्यांना जाऊ लागला. बनूबाईला तिचा वाटा हक्काने हवा असे. "काल बोंबील केलंस, आज काय? मी काय आजारी मानूस हाय म्हनून पेजेवर जगू?" मुलाची आई होती ती, तिला कोण अडवणार? अंजनी तिला उठवून बसवायची, घास भरवायची, लुगडं बदलायची, आणि तोवर कान मागच्या दाराकडे लावून असायची, सगुणाबाईने ताट नेलं का म्हणून. रेशनचा तांदूळ तो किती. दोघांना मऊ भात घालून उरलेलं पातेलं ती खरवडून खायची. कधी नुसती नाचणीची भाकरी. हरिचंद्रला हे दिसत होतं. तो आपल्या ताटातला भात गुपचूप बाजूला सारून उठायचा.

एकदा तो म्हणाला, "माझी आई माझ्या घरात हक्कानं जेवते. तुझे बाबा चोरून. मला घास जात नाही गं."

"चोरून का होईना, जेवतायत," अंजनी म्हणाली. "जाऊ दे आता."

सगळ्यात मोठी गंमत संध्याकाळी व्हायची. बनूबाईचं आवरलं की अंजनी बापाजवळ ओट्यावर येऊन बसायची आणि म्हातारा आवाज खाली करून गाऱ्हाणं करायचा.

"बाई भली हाय, पन हाताला चव नाय गो. आज आमटीत मीठच नव्हता."

अंजनीने स्वतःच्या हाताने केलेली आमटी! तिने काय बोलायचं? "सांगते हं तिला," म्हणायची आणि घरात येऊन तोंडात पदर कोंबून हसायची. दुसऱ्या दिवशी जास्त खोबरं वाटून घालायची. मग म्हातारा म्हणायचा, "आज जरा बरा व्हता. पन तुझ्या आयशीवानी नाय." आणि हे ऐकून हसता हसता तिला रडू यायचं. आईच्या हातचंच तर ती शिकली होती.

बनूबाईला सगळं माहीत होतं. आतल्या खोलीत पडून तिला भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं. सुनेशी बिनसलं की ती धमकी द्यायची, "सांगू का तुझ्या बापाला, माझ्या इवायाला? हाक मारू?" पण म्हातारीने कधी हाक मारली नाही. उलट धाकलूला खोकला लागला की आतून ओरडायची, "त्याच्या भातावर कढत तूप घाल. माझ्या वाटचा घाल, मना नको." एवढं बोलून लगेच वर काहीतरी खवट ऐकवायची, म्हणजे कुणी तिला चांगली समजू नये.

एका दिवाळीला अंजनीच्या ओठांवर शब्द आले होते. म्हातारा फराळाचं पान पुढ्यात घेऊन नुसताच बसला होता. चाळीत सगळीकडे माणसं आपापल्या घरात बसून खात होती. "बाबा, आत या, माझ्याकडे बसा," असं म्हणावंसं तिला फार वाटलं. पण तो बिथरला तर? संशय आला आणि सगुणाबाईचं ताटही नको म्हणाला तर? काठी घेऊन पुन्हा बदलापूरची वाट धरली तर? ती गप्प बसली. म्हातारा थोडा वेळ तिच्या दिशेने तोंड करून होता. मग त्याने करंजी मोडली.

पुढच्या वैशाखात त्याला ताप भरला. फॅक्टरीच्या डॉक्टरला हरिचंद्रने हातापाया पडून आणलं. डॉक्टर म्हणाला, वय झालंय. अंजनीची धांदल उडाली. आत सासू, बाहेर बाप, आणि ती एकटी. इकडे अंग पुसायची, तिकडे हाक आली की धावायची. सासूचं वेळेवर होत नाही म्हणून सासूची बोलणी, आणि बापाजवळ बसायला मिळत नाही म्हणून स्वतःच स्वतःला बोलणी.

त्या दिवशी दुपारी हरिचंद्र फॅक्टरीत होता. सगुणाबाई खोलीला कुलूप घालून कॅम्पातल्या बाजाराला गेली होती. ऊन असं, की ओट्याची फरशी पायाला चटके देत होती. तापाने घसा सुकलेल्या म्हाताऱ्याने माठातलं पाणी सकाळीच संपवलं होतं, आणि सगुणाबाईची घागर कुलपात अडकली होती.

"अंजने," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "पानी दे."

ती आत धावली. आपल्या माठातला पेला भरला आणि उंबऱ्यापर्यंत आली. तिथे तिचे पाय थबकले.

हे तिच्या घरचं पाणी होतं. जेवण फसवून घातलं, तो तिचा गुन्हा होता, देवाला ती काय ते सांगेल. पण आता म्हातारा जायला निघाला आहे हे तिला दिसत होतं. जन्मभर पाळलेलं ऐन शेवटच्या घोटाला आपल्या हाताने मोडायचं? तिला धीर झाला नाही. मग तिला विहीर आठवली. विहीर कुणाच्या घरची नाही. विहिरीचं पाणी चालतं त्याला.

पेला उंबऱ्यावरच ठेवून तिने कळशी उचलली आणि धावत सुटली. "आलेच बाबा, आलेच!"

उन्हाळ्यात विहीर खोल गेलेली. रहाटावर दोन बायका होत्या. तिने त्यांना बाजूला सारलं, त्या काही बोलल्या ते तिने ऐकलंही नाही. दोर हाताला कापत होता. कळशी कमरेवर घेऊन ती अनवाणी धावत आली तेव्हा निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं होतं.

ओट्यावर बनूबाई होती.

अर्धं अंग लुळं पडलेली ती म्हातारी अंथरुणातून फरफटत उंबरा ओलांडून बाहेर आली होती. कोपरं सोलवटली होती. धाकलूचं डोकं तिने आपल्या धड हाताच्या आधाराने मांडीवर घेतलं होतं. पेला शेजारी रिकामा पडला होता. धाकलू गेला होता.

अंजनी उभी राहिली.

"वरडत व्हता, अंजने, अंजने," बनूबाई म्हणाली. "मना ऐकवला नाय. मी दिला पानी. प्याला. सगळा प्याला."

"काही बोलले?"

बनूबाईने त्याचं डोकं मांडीवर नीट सारखं केलं.

"आत्या, काय बोलले बाबा?"

"त्याला वाटला, तूच हाय. माझा हात धरला." म्हातारीने तोंड फिरवलं. "म्हनाला, 'दिलास गो शेवटी तुझ्या घरचा पानी. त्या बाईच्या दारात जेवताना रोज वाटायचा, आज तरी अंजनी आत बोलवंल.'"

अंजनी तिथेच खाली बसली. एवढे दिवस एक शब्द बोलायला ती भीत होती, आणि तो तेवढ्याच एका शब्दाची वाट बघत ओट्यावर बसला होता. ताटातला कण न् कण तिचा होता हे त्याला आता कोण सांगणार? तो परक्याच्या दारात जेवला, असंच समजून गेला.

तिने कळशी जवळ ओढली. हरिचंद्रला बोलवायला कुणीतरी फॅक्टरीकडे पळालं. चाळीतली माणसं जमू लागली, आणि कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला आंघोळ घालायला पाणी आणा.

"आहे," अंजनी म्हणाली. "आणलंय मी."