पायवाटा नकाशावर आणताना

आमच्या कामात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ओल्या जंगलात चालताना बुटाला चिखल चढतो, तसे ते चढत जातात. एक थर वाळतो, त्यावर दुसरा. मग खरवडायला बसलं की कुठला थर कुठल्या गावचा, तेही नीट सांगता येत नाही. वरोऱ्याला घरी गेले की मैत्रिणी म्हणतात, तुझी मजा आहे, तुला जंगलात फिरायचा पगार मिळतो. मग मी एखादा किस्सा सांगते. आधी त्या हसतात. थोड्या वेळानं कुणीतरी चहा टाकायला उठतं आणि विषय बदलतो.

काम असं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात, डोंगरात ज्या जुन्या पायवाटा आहेत, त्या गळ्यात जीपीएस अडकवून चालायच्या, नकाशावर आणायच्या. त्यातल्या चांगल्या निवडून पर्यटकांसाठी ‘ट्रेल’ करायचे. मी भूगोलात एम.ए. केलेली, कंत्राटावरची. माझ्यासोबत केशवभाऊ, वनरक्षक, मूळचे पोंभुर्ण्याचे आणि निवृत्तीला आलेले. जगातल्या प्रत्येक माणसाशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणं हा त्यांचा धर्म. गाडी चालवायला जावेद. आणि नागपूरला आमचे साहेब, कुठल्या रेघेचा ट्रेल होणार हे ठरवणारे. साहेब माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण किस्से ऐकून तसं वाटतं.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. अहेरीच्या पुढे एका टोल्यावर, चार घरांच्या वस्तीवर, आम्ही पाणी प्यायला थांबलो. एक म्हातारे बाबा दोऱ्या वळत बसले होते. माझ्या गळ्यातलं यंत्र पाहून त्यांनी विचारलं, काय शोधून राह्यले?

केशवभाऊ म्हणाले, “वाट शोधून राह्यलो, बाबा.”

“आमी बी तेच शोधून राह्यलो,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाव कित्येक वर्षांपासून रस्ता मागत होतं. अर्ज जायचा आणि वनजमीन आहे म्हणून परत यायचा. पावसाळ्यात नाला भरला की बाजार बंद, शाळा बंद. बाबांनी विचारलं, तुमच्या वाटेला परवानगी भेटली का? केशवभाऊंनी सांगितलं, भेटली. ही फिरायला येणाऱ्यांसाठी आहे ना, म्हणून भेटली.

बाबा बराच वेळ दोरी वळत राहिले. “मंग आमी बी तसंच लिवून देतो,” ते म्हणाले. “बाजारात नाई जात, म्हना. फिराले जातो.”

त्यांनी लिहून दिलं की नाही, माहीत नाही. रस्ता अजून झालेला नाही.

*

चंद्रपूरच्या बाजूला एक टेकडी आहे. साहेब स्वतः पाहायला आले तो हिवाळ्यातला दिवस होता. आम्ही पहाटेच चढायला लागलो. वर पोचलो तेव्हा खाली सगळीकडे धुकं होतं, त्यातून सागाचे शेंडे तेवढे वर आलेले. साहेब हरखून गेले. त्यांनी हात पसरून फोटो काढून घेतला. इथे सेल्फी पॉइंट करायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. जागेवर चुन्याची खूणसुद्धा झाली.

मग डबे उघडून आम्ही पोहे खाल्ले. पोहे संपेपर्यंत ऊन वर आलं आणि धुकं विरलं. खाली कोळशाची खाण होती. काळा खड्डा, त्याच्या काठाला राखाडी मातीचे ढिगारे, ढिगाऱ्यांवर मुंगीसारखे डंपर. सागाची झाडं होती ती फक्त टेकडीच्या पायथ्याशी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खाण तिथेच होती.

“‘सकाळी लवकर यावे’ असा बोर्ड लावा,” ते म्हणाले.

लावला. ती खाण आता आणखी इकडे सरकली आहे. बोर्ड अजून आहे.

*

केशवभाऊ तिकडचे, पोंभुर्ण्याकडचे. गडचिरोलीचं हे दक्षिणेकडचं जंगल त्यांना माझ्याइतकंच नवं. पण हे ते कबूल करणार नाहीत. एकदा यंत्र म्हणालं डावीकडे, केशवभाऊ म्हणाले उजवीकडे. वाद झाला आणि आम्ही उजवीकडे गेलो. दुपार टळली तरी वाट काही सापडेना. मग डावीकडे गेलो, तर तिथेही नाही. यंत्रातला नकाशा जुना होता आणि केशवभाऊंचा अंदाज चुकीचा होता.

आमचं एक ठरलेलं होतं. उशीर झाला की जावेदनं रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजवायचा, आम्ही आवाजाच्या दिशेनं यायचं. हॉर्न ऐकू आला. आम्ही तिकडे वळलो. मग दुसरा आला, मागून. मग बाजूनं. थोड्या वेळात चारही बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. लोहखनिजाचे ट्रक त्या भागात नुकतेच सुरू झाले होते, आणि जंगलाच्या दोन्ही अंगांनी त्यांची रांग लागली होती.

शेवटी एका रस्त्याला लागलो. झाडं, पानं, आम्ही, सगळे लाल धुळीनं माखलेले. केशवभाऊ दगडावर बसले. “पयले मानूस जंगलात हरवला तं नदी ऐकाव लागे,” ते म्हणाले. “आता ट्रक ऐकाचा.”

पुढे दोन महिन्यांनी जावेदनं आमची नोकरी सोडली. कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नव्हता, आणि घरी लहान मुलगी. तो आता त्याच खनिजाचा ट्रक चालवतो. रस्त्यात आम्ही दिसलो की ओळखीचा हॉर्न वाजवतो. केशवभाऊ हात वर करतात आणि गाडी जाईपर्यंत तोंडावर दुपट्टा धरून उभे राहतात.

*

एक पायवाट मी हिवाळ्यात चालले होते. सिंदेवाहीच्या बाजूची, गावापासून मोहाच्या झाडांपर्यंत जाणारी. बायकांच्या पायांनी गुळगुळीत झालेली, घरासमोरच्या अंगणासारखी. साहेबांनाही ती पसंत पडली. पावसाळा संपल्यावर खुणा करायला गेलो, तर वाट नव्हती. पाचोळा, वर रानतुळस, मधूनच करवंदाची जाळी आडवी आलेली. माझं यंत्र सांगत होतं की मी वाटेवर उभी आहे. पायाखाली वाटेसारखं काही नव्हतं.

गावात गेल्यावर कळलं. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं नेलं होतं. त्यानंतर त्या बाजूला कुणी गेलंच नव्हतं.

तिच्या नवऱ्यानं आम्हाला बसायला खाट दिली. वाघाबद्दल तो काही बोलला नाही, खात्याबद्दलही नाही. केशवभाऊ युनिफॉर्ममध्ये होते, लोक त्यांना नेहमी चार शब्द सुनावतात, ते त्याची तयारी करूनच बसले होते. त्यानं फक्त विचारलं की तुमच्या मशीनमध्ये ती वाट अजून आहे का.

मी मोबाइलवर उघडून दाखवली. हे तुमचं घर, हा हातपंप, ही वाट.

त्यानं घरावर बोट ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू पुढे नेलं. हातपंप ओलांडला, नाला ओलांडला. मग बोट थांबलं. रेघ अजून पुष्कळ बाकी होती.

“इथवर,” तो म्हणाला. आणि मोबाइल दुपट्ट्यानं पुसून मला परत दिला.

*

ट्रेलच्या तोंडाशी आम्ही मोठा पत्र्याचा बोर्ड लावतो. त्यावर पूर्ण नकाशा, एक लाल ठिपका आणि ठिपक्याजवळ ‘आपण येथे आहात’. एका ठिकाणचा असा बोर्ड चोरीला गेला. साहेबांचा फोन आला, शोधून आणा.

शोधावं लागलंच नाही. पुनर्वसनात निघालेल्या एका गावाच्या टोकाला जनाबाई नावाची विधवा राहायची. तिच्या शेळ्यांच्या गोठ्याला तो दार म्हणून लावलेला होता. नकाशा आडवा झाला होता, पण अक्षरं स्वच्छ दिसत होती.

केशवभाऊ आधी चढ्या आवाजात बोलले. सरकारी माल आहे, गुन्हा आहे वगैरे. जनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की गेल्या साली एक साहेब आले होते. त्यांनी कागद पसरून दाखवला की हे गाव आता नकाशात नाही. सगळ्यांनी सही केली, तिचा मुलगासुद्धा करून आला. तिला वाचता येत नव्हतं. पण बोर्डावर काय लिहिलंय, ते नातीनं वाचून दाखवलं होतं.

“तुमीच लिवलं ना, का मी इथी आहो म्हनून?” ती केशवभाऊंना म्हणाली. “मंग काढू काऊन?”

केशवभाऊ वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी बिडी पेटवली, ती पूर्ण ओढली, आणि गाडीत येऊन बसले. साहेबांना त्यांनीच फोनवर कळवलं की बोर्ड सापडला नाही.

पुढच्या वर्षी गाव उठलं. जेसीबी लावून घरं पाडली. काही दिवसांनी आम्ही तिथून गेलो तर भिंती मातीत मिळाल्या होत्या, विहिरीवर फांद्या टाकलेल्या होत्या. गोठ्याचे दोन खांब मात्र राहिले होते आणि त्यांच्यामध्ये तो पत्रा. जनाबाई मुलाकडे नव्या वसाहतीत गेली, असं कुणीतरी सांगितलं. शेळ्या विकल्या म्हणे.

*

आता शेवटचा. हा मी मैत्रिणींना सांगत नाही.

पावसाळा सरत आला होता. डोंगरावरच्या एका गावातून खाली डांबरी रस्त्यापर्यंतची वाट मोजायची होती. केशवभाऊ आणि मी वरून निघालो. थोडं उतरलो तेवढ्यात मागून माणसं आली. चौघांनी बांबूला खाट बांधून खांद्यावर घेतली होती. खाटेवर रैनी नावाची मुलगी, पहिलटकरीण. बरोबर तिची सासू. तिचा नवरा लालसू पुढच्या खांद्याला होता. गावच्या आशा सेविकेनं अँब्युलन्सला फोन केलेला होता, पण ती येणार होती खाली रस्त्यापर्यंतच.

एका माणसाचा पाय चिखलात मुरगळला तेव्हा केशवभाऊंनी त्याच्या जागी बांबू आपल्या खांद्यावर घेतला. मी खाटेच्या बाजूनं चालत होते, रैनीचा हात माझ्या हातात होता. कळ आली की ती माझी बोटं दाबायची आणि सासू ‘थांबा’ म्हणायची. खाट खाली ठेवायची, कळ ओसरली की पुन्हा उचलायची. असं बऱ्याचदा झालं.

शेवटी एका मोहाच्या झाडाखाली सासूनं सांगितलं की आता उचलू नका. पुरुष लांब गेले. मी माझा रेनकोट आडोशाला धरला. मुलगा झाला. तो रडला नाही. सासूनं त्याला चोळलं, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली, पुन्हा चोळलं. मग तिनं त्याला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं.

रैनीला पुष्कळ रक्त गेलं होतं. आम्ही तिला खाली पोचवलं आणि ती वाचली. लालसू आणि त्याचा भाऊ वरच थांबले. लहान लेकरू गेलं तर त्याला मोहाच्या झाडाखाली पुरतात त्यांच्यात. तिथेच ठेवलं.

या सगळ्यात यंत्र माझ्या गळ्यात चालूच होतं. मला त्याचं भानही नव्हतं. ऑफिसला माहिती नेहमीसारखी गेली, कुठे किती वेळ थांबलो त्यासकट. महिन्याभरानं साहेबांचा फोन आला, खूश होते. म्हणाले, हा ट्रेल फार सुंदर दिसतोय. तुम्ही किती ठिकाणी थांबलात, म्हणजे पाहण्यासारखं असणारच. “आणि ती शेवटची जागा, तिथे तर तुम्ही बराच वेळ रमलेले दिसता. तिथे बाकडं टाकतोय.”

मी त्यांना सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले की काम दिलं गेलंय, पण ते बाकडं थोडं खाली सरकवायला सांगतील. त्यांनी सांगितलं असेलही. ठेकेदाराच्या माणसांनी नकाशावरचा बिंदू पाहिला आणि तिथेच, मोहाच्या झाडाखाली, सिमेंटचं बाकडं बसवलं.

थंडीत आम्ही त्या वाटेवरच्या खुणा तपासायला गेलो. बाकड्यावर रैनी बसलेली होती. शेजारी सरपणाची मोळी. खालचा पाचोळा झाडून एका बाजूला लावला होता. माझ्याकडे पाहून ती थोडं हसली, पण बोलली केशवभाऊंशी. त्यांचा खांदा तिला आठवत असावा.

तिनं सांगितलं की घरात कुणी नाव काढत नाही. सासू म्हणते विसर, लालसूही म्हणतो विसर. ती इथे सरपणाच्या निमित्तानं येते. आधी नुसती जमीन होती, पाऊस पडल्यावर जागा कळेनाशी झाली होती.

बोलता बोलता ती बाकड्यावरून तळवा फिरवत होती.

“सगळे इसरले,” ती म्हणाली. “तुमीच ध्यानात ठेवलं.”

मी केशवभाऊंकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“हो बाई,” ते म्हणाले. “ठेवलं.”